असाइन्ड : एका विशेषणाची वऱ्हाडातली गोष्ट

आयटीवाल्यांच्या आयुष्यात काही इंग्रजी विशेषणं अशी असतात की ती दिवसातून पन्नासदा डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न कधी पडतच नाही. 'असाइन्ड' हे त्यातलं एक. बग असाइन्ड आहे, तिकीट असाइन्ड आहे, रिसोर्स असाइन्ड आहे (रिसोर्स म्हणजे आपणच हो!). जुन्या बगझिलात तर 'असाइन्ड' ही बगची एक अधिकृत अवस्थाच होती. आधी न्यू, मग असाइन्ड, मग रिझॉल्व्ड. तिकिटावर आपलं नाव लागलं की काम आपलं, शिव्याही आपल्याच. पण कोड आपला होतो का? अजिबात नाही. तो क्लायंटचा. म्हणजे 'असाइन्ड' या शब्दातून वस्तू कुणाच्या हातात आहे ते कळतं. ती कुणाची आहे, ते कळत नाही.

हे सगळं पुराण सांगायचं कारण म्हणजे मी मूळचा यवतमाळचा. आणि आमचा जिल्हा ज्या मुलुखात येतो, त्याच्या सरकारी नावात हेच विशेषण पन्नास वर्षं ठाण मांडून बसलं होतं. १८५३ ते १९०३ या काळात वऱ्हाडचं अधिकृत नाव होतं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. आद्याक्षरं घेतली तर एच. ए. डी. सलग वाचलं तर 'हॅड', म्हणजे भूतकाळ! हा निव्वळ योगायोग, पण निजामाच्या दृष्टीने अगदी समर्पक.

१८७० साली आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं. त्याचं शीर्षकच मोठं गमतीदार आहे : 'गॅझेटियर फॉर द हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, कॉमनली कॉल्ड बेरार'. म्हणजे सरकार म्हणतं असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, लोक म्हणतात बेरार. आणि तिथे राहणारे म्हणतात वऱ्हाड. एकाच जमिनीची तीन नावं, आणि त्यातलं जे नाव तिथल्या एकाही शेतकऱ्याच्या तोंडी नसेल, तेच अधिकृत!

तर आधी शब्दाची कुंडली मांडू.

इंग्रजी 'असाइन' लॅटिनमधल्या 'अ‍ॅसिग्नारे' या क्रियापदावरून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने आला. मुळात 'सिग्नम' म्हणजे खूण. खूण करून एखाद्याच्या नावे ठरवून देणं, हा मूळ अर्थ. रोमन लोक जिंकलेल्या जमिनीची मोजणी करायचे, बांध आखायचे आणि ते तुकडे निवृत्त सैनिकांना वाटून द्यायचे. अशा जमिनीला रोमन मोजणीदारांच्या भाषेत 'अ‍ॅसिग्नाटुस' म्हणायचे. म्हणजे जन्मापासूनच या शब्दाचा जमिनीशी, सैन्याशी आणि जिंकणाऱ्याशी संबंध आहे. ज्याची जमीन गेली तो या शब्दात कुठेच नाही.

पुढे इंग्लंडात वकिलांनी हा शब्द उचलला. तुमच्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट काढून बघा. 'हेअर्स, एक्झिक्युटर्स, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स अँड असाइन्स' अशी लांबलचक शेपटी सापडेल. तिथे 'असाइन' म्हणजे ज्याच्याकडे हक्क सोपवला तो. फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारने चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या तारणावर १७८९ पासून कागद छापले. त्यांचं नाव 'असिन्या', इंग्रजीत असिग्नॅट. आधी ते रोखे होते, मग चलन झाले, आणि इतके छापले गेले की १७९६ पर्यंत त्यांना रद्दीची किंमत आली. ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलेले इंग्रज कैदी खाजगी मळेवाल्यांकडे कामाला दिले जात. ते 'असाइन्ड सर्व्हंट'. आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमात चक्क 'अनअसाइन्ड लँड्स' नावाचा प्रदेशच होता. तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांकडून सरकारने तो मिळवला आणि मग कुठल्याच टोळीला नेमून दिला नाही, म्हणून 'अनअसाइन्ड'. २२ एप्रिल १८८९ ला दुपारी बाराच्या ठोक्याला तो गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुला झाला आणि हजारो लोक घोड्यांवरून, गाड्यांतून जमीन पकडायला धावले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. व्याकरणाच्या भाषेत 'असाइन्ड' हे कर्मणी रूप. कर्ता सांगितला नाही तरी वाक्य बिनतक्रार चालतं. मराठीत 'नेमून दिलेला' म्हटलं तर निदान 'कुणी?' असा प्रश्न जिभेवर येतो. इंग्रजी विशेषण मात्र नामाला असं चिकटून बसतं की जणू तो त्या वस्तूचा जन्मजात गुणधर्मच आहे. उंच झाड, काळी माती, असाइन्ड जिल्हा.

आता वऱ्हाडात येऊ.

१८०३ च्या देवगावच्या तहानंतर नागपूरकर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि वऱ्हाड निजामाकडे राहिलं. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते उगीच नाही. काळी जमीन, कापूस आणि बऱ्यापैकी महसूल. पण हैदराबादचा कारभार कर्जावर चालायचा. सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्याला एखाद्या भागाचा महसूल लावून द्यायचा, ही तिथली रूढ पद्धत. पूरणमल नावाच्या सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग होता. त्याच्यानंतर पेस्तनजी आणि कंपनी ही पारशी पेढी आली. याच पेढीने १८२५-२६ च्या सुमाराला वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला पाठवला होता. दिवाण चंदूलालने १८४१ मध्ये कर्जफेडीपोटी वऱ्हाडातला बराच महसूल या पेढीला लावून दिला. चंदूलाल गेल्यावर पुढच्या राजवटीने तो परत काढून घेतला. हा मुद्दा लक्षात ठेवा : लावून दिलेला महसूल परत घेता येतो, असं हैदराबादचं गणित होतं.

पण पुढचा सावकार निराळा होता. ईस्ट इंडिया कंपनी! निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा. पगार थकला की कंपनी स्वतः पैसे भरायची आणि निजामाच्या खात्यावर कर्ज म्हणून मांडायची. हे कर्ज वाढत वाढत पन्नास लाखांच्या आसपास गेलं. गव्हर्नर जनरल डलहौसी. त्याचा स्वभाव आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याने सांगितलं, मुलूख द्या.

१८५३ मधल्या वाटाघाटी म्हणजे खरं तर एका शब्दावरची झटापट आहे. कंपनीला मुलूख कायमचा हवा होता. निजाम नासिरुद्दौला कायमचा द्यायला काही केल्या तयार होईना. शेवटी रेसिडेंट कर्नल लो याने 'कायमचा' हा शब्द सोडला. फौजेची गरज असेल तोवरच मुलूख आमच्याकडे ठेवा, अशी समजूत घालण्यात आली. आणि मे १८५३ च्या तहात 'सीडेड' ऐवजी 'असाइन्ड' आला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब मिळून सुमारे पन्नास लाख महसुलाचा मुलूख. त्यातून फौजेचा खर्च भागवायचा, व्याज घ्यायचं, हिशेब द्यायचा आणि उरलेली रक्कम निजामाला परत करायची.

सी++ वाल्यांना एका ओळीत सांगायचं तर निजामाच्या मते त्याने फक्त पॉइंटर दिला होता, ओनरशिप नाही. कंपनीने सही घेतली आणि मेमरी वापरायला सुरुवात केली.

शेजारी काय झालं ते बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. म्हणजे वर्धा नदीच्या पूर्वेला हिंगणघाट आणि वरोरा खालसा, पश्चिमेला राळेगाव आणि वणी असाइन्ड. एकच नदी, दोन विशेषणं. फरक नुसता कागदावरचा नव्हता. पूर्व तीरावर पुढे मध्य प्रांत झाला आणि तिथे मालगुजारी आली. गावाचा सारा मालगुजाराच्या हातून जायचा. पश्चिम तीरावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन सारा थेट खातेदाराच्या नावे बसला. पूर्व तीर ब्रिटिश हिंदुस्थान होता. पश्चिम तीर कायद्याच्या दृष्टीने परका मुलूख! ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, त्यासाठी गव्हर्नर जनरलचा वेगळा हुकूम लागायचा. वऱ्हाडच्या कारभाराचा सर्वोच्च अधिकारी १९०३ पर्यंत हैदराबादचा रेसिडेंट होता. नावेतून नदी ओलांडणाऱ्या वणीच्या माणसाला याचा पत्ता असेल का? शंकाच आहे. पण अलीकडे साऱ्याची पावती त्याच्या स्वतःच्या नावाची आणि पलीकडे मालगुजाराच्या, हे त्याला नक्की कळत असणार.

१८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून १८६० चा तह झाला. पन्नास लाखांचं कर्ज माफ, धाराशिव आणि रायचूर दोआब परत. वाचायला छान वाटतं. पण वऱ्हाड तेवढं परत आलं नाही! ते आता इंग्रजांकडे 'ट्रस्ट' म्हणून राहील असं ठरलं. आणि १८५३ मध्ये कबूल केलेला हिशेब देण्याचं बंधन काढून टाकण्यात आलं. शिल्लक द्यायची, पण किती खर्च करायचा ते इंग्रजांनीच ठरवायचं. कर्ज फिटलं तरी तारण सुटलं नाही. होम लोन फेडल्यावर बँकेने कागद परत देण्याऐवजी 'आता आम्ही विश्वस्त' म्हणावं, तसंच काहीसं.

आमच्या जिल्ह्याचा जन्मही याच काळातला. १८६४ मध्ये तो वेगळा काढला तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. नुसतं 'दक्षिण-पूर्व वऱ्हाड'. मग तो वणी जिल्हा झाला (इंग्रजी स्पेलिंगमुळे 'वून'), मुख्य ठाणं मात्र यवतमाळला. १९०५ मध्ये फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. यातलं काहीही करताना हैदराबादला विचारायची गरज कुणाला वाटली नसणार. यवतमाळला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

'असाइन्ड' हा शब्द सगळ्यात गांभीर्याने कुणी घेतला असेल तर हैदराबादचा दिवाण सर सालारजंग याने. त्याचा युक्तिवाद साधा होता. मुलूख फौजेच्या खर्चासाठी दिला. त्या खर्चाची दुसरी सोय आम्ही करतो, व्याजातून पगार भागेल एवढं भांडवल ठेवतो, मुलूख परत द्या. १८७० च्या दशकात त्याने पत्रांवर पत्रं लिहिली, १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. उत्तर एकच, नाही. १८८३ मध्ये तो वारला. तहातला शब्द एकाच्या बाजूचा आणि ताबा दुसऱ्याकडे असला की शब्दाचं वजन किती, हे सालारजंगाने पुरतं अनुभवलं.

मग आला लॉर्ड कर्झन. नोव्हेंबर १९०२ मध्ये निजाम महबूब अली खान याच्याशी नवा करार झाला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व मान्य, पण मुलूख इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्यावर. भाडं वर्षाला पंचवीस लाख. पन्नास वर्षांपूर्वी मोठ्या झगड्यानंतर वगळलेला 'कायमचा' हा शब्द मागच्या दाराने घरात आला. निजामाला जी. सी. बी. हा किताब मिळाला. त्याचा अर्थ म्हणे 'गेव्ह कर्झन बेरार'! हा विनोद तेव्हापासून चालत आला आहे. आणि खरी मेख पुढेच आहे. ज्या कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतलं होतं, ती वेगळी फौज १९०३ मध्ये मोडून हिंदुस्थानी सैन्यात विलीन केली. कारण संपलं, ताबा राहिला. ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली गेलं. 'असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' हे नाव मागे पडलं, पण मुलूख अजूनही ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता.

याचे परिणाम कुठे कुठे दिसावेत! माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी अणे, १८८० साली वणीत जन्मले. यवतमाळला वकिली, टिळकांचे अनुयायी, जुलै १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात राखीव जंगलातलं गवत कापून अटक. बापूजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात होते. तिथल्या कामकाजात त्यांच्या नावापुढे लिहिलेलं असे 'बेरार रिप्रेझेंटेटिव्ह'. कारण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नसल्यामुळे तिथून रीतसर 'निवडून आलेला' सदस्य असूच शकत नव्हता. म्हणून लोकांनी मतं देऊन निवडायचं आणि सरकारने त्याच माणसाला 'नियुक्त' करायचं, अशी युक्ती काढली. नागपूरच्या प्रांतिक कायदेमंडळातही हाच प्रकार. मतदाराने मत दिलं खरं, पण कागदावर ते मत नव्हतं, ती शिफारस होती.

शेवटचा निजाम उस्मान अली खान याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने खरमरीत पत्र लिहून त्याला त्याची जागा दाखवली. मग १९३६ मध्ये समजुतीचा करार झाला. निजामाचं सार्वभौमत्व पुन्हा एकदा मान्य, वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याबरोबर त्याचाही झेंडा, आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब. युवराज आझम जाह याची बायको दुर्रुशहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. म्हणजे यवतमाळच्या लोकांना इस्तंबूलमध्ये जन्मलेली एक युवराज्ञी होती, आणि त्यातल्या बहुतेकांना तिचं नावही माहीत नसेल! राज्य इंग्रजांचं, सार्वभौमत्व निजामाचं, किताब युवराजाचा. शेत मात्र वऱ्हाडी माणूस नांगरत होता.

१८५३, १८६०, १९०२, १९३६. चार कागद. प्रत्येकावर दोनच पक्ष, आणि दर वेळी दोघे ज्याच्याबद्दल बोलत होते तो तिसरा खोलीबाहेर. निजामावर अन्याय झाला हे खरं. सालारजंगाची बाजू तहाच्या भाषेत बरोबर होती, हेही खरं. पण वऱ्हाड निजामाचं होतं म्हणून परत द्या आणि वऱ्हाड आमच्याकडे सोपवलंय म्हणून देत नाही, या दोन्ही वाक्यांत वऱ्हाड ही वस्तूच आहे. मला या सगळ्या इतिहासात खुपतं ते हे.

१९४७ नंतर सत्ता बदलली, १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं आणि भाडेपट्ट्याचा प्रश्न निकालात निघाला. १९५० मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबईत, १९६० पासून महाराष्ट्रात. मधेच १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते. यवतमाळातच त्यावर दोन मतं आहेत आणि पुण्यात तर विचारूच नका :) तो वाद इथे काढत नाही. पण आमच्याकडचा म्हातारा माणूस 'आम्हाला कुणी विचारलं?' असं म्हणतो, तेव्हा तो फक्त १९६० बद्दल बोलत नसतो, एवढं लक्षात घ्यावं. स्वातंत्र्यानंतर निदान त्याच्याकडे मत आहे, आणि ते शिफारस म्हणून नाही, मत म्हणूनच मोजलं जातं. हा फरक लहान नाही.

हे विशेषण आमच्या आसपास अजून जिवंत आहे, ही आणखी एक गंमत. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे हैदराबादच्या रस्त्याला लागा. पेनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा. तिथे तेलुगू बोलणारा साधा शेतकरीसुद्धा 'असाइन्ड' जमिनीबद्दल बोलतो. सरकारने भूमिहीनांना दिलेल्या जमिनीला तिथे हाच शब्द आहे. १९७७ साली आंध्र प्रदेशात कायदा झाला की अशी जमीन विकायची नाही, ती वारसाने पुढे जाईल. हेतू चांगला, गरिबाच्या हातची जमीन कुणी लाटू नये हा. पण शब्दाचा स्वभाव तोच. कसायला तुमची, विकायला नाही.

अर्थात प्रत्येक असाइनमेंट म्हणजे अन्याय नव्हे. कुणीतरी कुणालातरी काहीतरी नेमून दिल्याशिवाय जग चालणारच नाही, आपली कंपनी तर नाहीच नाही. माझं म्हणणं इतकंच की हे विशेषण कुठेही दिसलं की त्याला तीन प्रश्न विचारावेत. कुणी दिलं? कशासाठी आणि कधीपर्यंत? आणि ज्याला दिलं गेलं त्याला, म्हणजे घेणाऱ्याला नव्हे, तर त्या 'वस्तू'ला कुणी विचारलं का? १८५३ च्या तहात पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. दुसऱ्याचं उत्तर तोंडी दिलं गेलं आणि पुढे विसरलं गेलं. तिसरा प्रश्न कुणाला सुचलाच नाही.